ज्याच्या डोक्याला कडं नाही

"हलू नका, पुढे दरी आहे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि मी जागच्या जागी थिजले.

सिंहगडावर कल्याण दरवाजाशी उभी होते. सकाळची वेळ. समोर दरीतल्या धुक्यात एक काळी, अवाढव्य बाई... आणि तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी कडं! अगं बाई! आमची इंदुआत्या सांगायची ते हेच. "धुक्यात काळी माणसं दिसत्यात. डोक्याला कडं असंल तर आपलं. नसंल, तर त्याला ओ दिऊ नगं."

तेवढ्यात त्या बाईशेजारी पुरुषाची सावली आली. कडं नसलेली.

"घाबरू नका, आपल्याच सावल्या आहेत," मघाशी ओरडलेला तो शेजारी येऊन म्हणाला. भिजलेलं जॅकेट, गालाला खळी. "इंद्रवज्र म्हणतात याला. मी अभिनव."

"मग तुमच्या डोक्याला कडं का नाही?" मी संशयानं विचारलं.

"काय माहीत! मलाही ते तुमच्याच डोक्याभोवती दिसतंय..."

मी चक्क लाजले. पुण्याची असून!

मग गडावरची भजी झाली, त्याच्या वाघोलीपासून माझ्या धायरीपर्यंत फोन झाले, माझ्या हातचे पोहे झाले, 'तुम्ही'चं 'तू' झालं. रविवारी त्याची आई अमरावतीहून आमच्याकडे लग्नाचं बोलायला येणार, असंही ठरलं. आणि शुक्रवारी मी मोबाईलवर सहज इंद्रवज्राबद्दल वाचलं. कडं ज्याला त्याला स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं. दुसऱ्याच्या... कधीच नाही!

म्हणजे पहिल्याच भेटीत थाप! मग बाकीचं तरी खरं कशावरून? नोकरी? आई? 'तुझ्याशिवाय करमत नाही' — तेही? रविवारी होकार द्यायचा तो कुणाला?

शनिवारी त्याला कसबा पेठेत, गणपतीच्या देवळाबाहेर गाठलं.

"कडं कुणाच्या डोक्याभोवती होतं रे?"

त्याचे कान लाल झाले. "...माझ्या."

"मग खोटं का बोललास?"

"तू थरथरत होतीस, राजनंदिनी. म्हटलं, आपलं कडं हिला देऊन टाकू." तो खाली बघत हसला. "आणि... छान दिसत होतीस. म्हणून पण."

"अजून काय काय थापा मारल्यास?"

"एकच. तुझे पोहे... खारट होते."

"दोनदा मागून घेतलेस की!"

"म्हणून तर लग्नाआधी सांगतोय!"

राग यायला हवा होता. हसूच फुटलं मेलं.

रविवारी आत्यानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "पोरगा कसा हाय?"

"थापाड्या आहे," मी म्हटलं. "पण पकडला की लगेच कबूल करतो. आणि आत्या... मला तोच हवाय."