कडेचा हिरवा पालक

"माझ्या नवऱ्याने लावलेल्या लाकडानेच आई गेली, असं बाबा म्हणतात," मुलगी दारातूनच बोलली. "मावशी, खरं काय ते शोधा. त्याचा दोष निघाला, तर मी त्याच्याकडे नांदणार नाही."

खासगी तपास करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांच्या मदतनिसाला फौजदार म्हणत. पोलिसात तो कधीच नव्हता, पण संशय घ्यायला हातखंडा होता.

आईच्या शरीरात आर्सेनिक सापडलं होतं. सुतार जावयाने परसात वाळवीचं औषध मारलेल्या फळ्यांचे भाजीचे वाफे बांधून दिले होते.

"उघड आहे," फौजदार म्हणाला. "फळीतलं मातीत, मातीतलं पोटात."

मावशी वाफ्यापाशी बसल्या. फळ्यांना टेकलेला पालक हिरवागार होता, मधला करपला होता. मधली माती राखाडी होती.

जावई हात बांधून उभा होता. "फळ्या नव्या आहेत. हल्लीच्या औषधात तांबं असतं, आर्सेनिक नसतं. तरी मी आतून प्लास्टिक लावलं. इथलं जुनं कुंपण मात्र पूर्वीच्या औषधाचं होतं. ते मीच उपटलं. न्यायला गाडी पाठवतो म्हटलं, तर सासरे म्हणाले, माझं मी बघतो."

सासरे दिवाणखान्यात फणफणत होते. "सुताराला मुलगी दिली तिथेच चुकलो! मी विकतचं खत कधी घातलं नाही. शेणखत आणि शेगडीतली राख, बस."

"पालक तुम्हीही खाल्लात?"

"मला पाला आवडत नाही. ती वाफ्यातला खुडून तिथेच खायची, न धुता."

मावशींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"विष फळीतून झिरपलं असतं, तर आधी कडेचा पालक मेला असता. मेला मधला, जिथे राख पडली. जुनं कुंपण कुठे आहे? शेगडीत गेलं. लाकूड जळतं, आर्सेनिक बरंचसं राखेत उरतं. तीच राख पानांवर बसली."

"म्हणजे खुनी..." फौजदार सुरू झाला.

"गप बसा. खून कुणी केला नाही."

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हिची आई म्हणाली होती," ते कसंबसं बोलले, "जावयाने ते जाळू नका म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, सुतार मला शिकवणार?"

मुलीने नवऱ्याचा हात धरायला हात पुढे केला. त्याने आपला मागे घेतला.

"बाबांचं मी समजू शकतो," तो म्हणाला. "तू मात्र मला एकदाही विचारलं नाहीस."