न पाठवलेल्याची पोच

"…मेलेला भाऊ अजून हाका मारतो म्हणे त्याला, आणि हा बाबा दार…"

जिन्यात पावलं वाजली आणि दोघी झाडूवाल्या गप्प झाल्या. एकीने कोरडीच पायरी उगाच पुसायला घेतली. दादा मान खाली घालून वर गेला.

कंपनीत सगळे त्याला दादाच म्हणत. आणि गंमत बघा, ज्याने खऱ्या हक्काने दादा म्हणायचं, त्याचंच तोंड याने बंद केलं होतं. धाकट्याला अर्धांगाचा झटका आला, बोलणं बोबडं झालं. ऐन कामात तो संगणकावर कॉल करायचा, "दा…दा…" म्हणत लाळ पुसायचा, की आजूबाजूच्या माना वळायच्या. दादाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कंपनीचं संगणकांचं जाळं सांभाळणं त्याचंच काम. बाहेरचे निरोप जिथून आत येतात, त्या कंपनीच्या वेशीवर त्याने नियम घातला. या पत्त्यावरून येईल ते गुपचूप गिळायचं, नकारही कळवायचा नाही.

जाळ्याची रीत अशी, की निरोपाचे तुकडे होतात, पाकिटात बसतात आणि या जाळ्यातून त्या जाळ्यात, वेशीवरून वेशीवर जातात. कुठल्याच वेशीला सगळी वाट ठाऊक नसते, फक्त पुढची वेस. पोच आली नाही, तर पाठवणाऱ्याला वाटतं, वाटेत हरवलं. तो बिचारा पुन्हा पाठवतो. धाकटा शेवटपर्यंत पाठवत राहिला.

महिन्यापूर्वी तो गेला. नियम तसाच राहिला. काढायचा म्हणजे घातला होता हे कबूल करणं आलं.

यंत्रखोली भरदुपारीही गारठलेली. पंख्यांची घरघर, तापल्या धुळीचा वास. सोबतची ताई पडद्यापासून जरा लांबच बसली होती.

"दादा… तुमच्या त्या नियमावर अजून पाकिटं आपटतायत."

"राहिलं असेल त्याचं यंत्र चालू."

"ते मोडीत दिलं ना त्यांच्या बायकोने?"

"म्हणजे जिन्यात बातमी तू नेलीस होय?"

"एकटीला भीती वाटली हो…" तिने आवाज उतरवला. "प्रत्येक वेस पाकिटावरच्या आकड्यातून एक कमी करते ना, त्यावरून पाहिलं. आधी बारा वेशी ओलांडून यायची. काल पाच. आज… एक."

दादाचे कान तापले. आता तरी ऐकावं. काय मागत होता ते एकदा तरी ऐकावं. त्याने नियम काढला.

पाकीट आलं. एवढंसं, रिकामं.

"यात मागणं नाहीये," ताई कुजबुजली. "पोच आहे ही. तुमच्या यंत्राच्या नावे. इथवरचं सगळं मिळालं, एवढंच."

"मी काही पाठवलंच नाही…"

"मिळालेल्याचा आकडा बघा की. तासन्‌तास बोलल्याशिवाय एवढा होत नाही."

दुसरी पोच आली. आकडा वाढलेला. दादाने आपल्या यंत्राची जाळ्याला जोडणारी वायर उपटली. तिसरी पोच आली. तिने एकही वेस ओलांडली नव्हती, ती आतूनच आली होती.

बायकांचं निम्मंच खरं निघालं. धाकटा येत होता, पण हाका मारायला नव्हे. त्याला कुणीतरी उत्तर दिलं होतं, पोटभर बोललं होतं त्याच्याशी. जे सख्ख्या भावाला जमलं नाही ते. दादाला वर बघवेना.

"दादा… तुमच्या नावाने कोण बोलतंय त्यांच्याशी?"

ठाऊक नाही, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. आवाजच फुटेना. रात्ररात्र कुणाशी बोलत बसावं, तसा त्याचा घसा पार बसला होता.