समोरच्या पाळण्यातलं वजन

वीज कंपनीकडून तो वीज तोडायला आला, तेव्हा मी आकाशपाळण्याखाली बसून वाळूची उसवलेली गोणी शिवत होते. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. शहरात दवाखान्यांनाच वीज पुरेना, तिथे आमच्या करमणुकीच्या बागेला कोण देणार?

"सील लावतोय," तो म्हणाला. "वाईट वाटतं, पण—"

"तुमचं वजन अडुसष्ट," मी म्हटलं.

तो गोंधळला. मग मी त्याला सांगितलं, की समोरासमोरच्या पाळण्यांत सारखं वजन असलं की चाक हाताने ढकललं तरी फिरतं. विजेची टंचाई झाल्यापासून बाबा असंच चालवायचे. माणसाकडे नुसतं बघून वजन ओळखायचे, जोड जमली नाही तर समोर गोणी ठेवायचे. बागेच्या मालकांनी मला महिन्याची मुदत दिली होती. तेवढ्यात लोक आले नाहीत, तर चाक भंगारात.

त्याला बसवलं, समोर अडुसष्टची गोणी ठेवली. चाक कललं आणि हटून बसलं. त्याच्या खांद्यावरची हत्यारांची पिशवी मी हिशेबात धरलीच नव्हती.

"बाबा चुकले नसते," मी पुटपुटले.

"त्यांना असं गबाळं गिऱ्हाईक भेटलं नसेल."

दोन महिन्यांत मी पहिल्यांदा हसले.

मग दर गुरुवारी तो सील तपासायला येऊ लागला. सील काय पळून जाणार होतं? घोड्यांची चक्री सांभाळणारे काका आम्हाला समोरासमोर बसवून ढकलत आणि मुद्दाम दुसरीकडे बघत. फरक भरून काढायला माझ्या पायाशी चौदा किलो वाळू. तो वर, मी खाली... मध्ये नुसतं लोखंड. लोक मात्र आले नाहीत.

मुदतीतल्या शेवटच्या गुरुवारी त्याने सायकलवर लादून एक गोणी आणली. तिच्यावर शाईने लिहिलं होतं— ६८.

"ही मी," तो धापा टाकत म्हणाला. "हिला समोर बसवलं, तर मला तुमच्या... तुझ्या शेजारी बसता येईल."

मी आतून माझ्या वजनाची गोणी आणली. बाबांनी शिवलेली. १९, २७, ४०— दर वाढदिवसाला आकडा खोडून नवा घातलेला. शेवटचा, ५४.

काकांनी ढकललं. वर पोचल्यावर चाक थांबलं. संध्याकाळ झाली होती. खाली शहरात एक दिवा नव्हता.

"उद्या भंगारवाले येतील," मी म्हटलं.

"वाळू नेत नाहीत ते."

मी खाली पाहिलं. समोरच्या पाळण्यात बाबांची गोणी त्याच्या गोणीला टेकून बसली होती. चाक तसूभरही हललं नाही.