परळात पाच दोनदा वाजायचे

धडक बसली परळच्या नाक्यावर, संध्याकाळी गिरणी सुटताना. चूक कोणाची, यावर त्या दोघांचं एकमत कधीच झालं नाही, तेव्हा आपणही त्यात पडू नये. शेवंती सूत गुंडाळायच्या खात्यातून निघाली होती – केसांत, पापण्यांत, पदरावर नुसता पांढरा कापूस. समोरून रेल्वेच्या कारखान्यातून लवू येत होता – नखशिखांत काळा, तेलानं चकचकीत. वळणावर वारा सुटला, तिच्या डोळ्यांत कापूस गेला, त्याचा पाय घसरला... आणि पडू नये म्हणून त्यानं हात टेकला तो थेट तिच्या खांद्यावर.

हिरव्या लुगड्यावर पाच काळी बोटं उमटली.

“अगं बाई! डोळे आहेत की बटणं?”

“डोळेच आहेत... पण आत्ता कुठे उघडले,” लवू म्हणाला, आणि स्वतःच्या धिटाईनं इतका दचकला, की काळ्याकुट्ट तोंडावरही त्याचं लाजणं दिसलं.

“नवं लुगडं होतं हो माझं! मामीला काय सांगू?”

“सांगा, इंजिन अंगावर आलं.”

शेवंतीला रागवायचं होतं. मनापासून रागवायचं होतं! पण मेलं हसूच आलं.

“कारखान्यात डाग काढायचा सोडा मिळतो,” तो घाईघाईनं म्हणाला. “आणून देतो ना... रविवारी? चार वाजता, तळ्याकाठच्या चिंचेखाली?”

“मी कशाला येऊ?”

“सोड्यासाठी.”

“सोड्यासाठीच हं,” ती म्हणाली, आणि चाळीपर्यंत चालत गेली की उडत, तिचं तिलाच कळलं नाही.

रविवारची सुट्टी तेव्हा नवी होती. सरकारनं नुकताच कायदा केला होता, आणि आठवड्यातला एक अख्खा दिवस असा आयता हातात आल्यावर त्याचं करायचं काय, हेच लोकांना उमजत नव्हतं. शेवंती ज्याच्या घरी राहायची तो गुणाजीमामा तर सवयीनं पहाटे उठायचा आणि दिवसभर उंबऱ्यावर बसून जांभया द्यायचा. शेवंतीला मात्र त्या रविवारी जांभई आली नाही. वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. गिरणीच्या फाटकावरचं घड्याळ बघून चारच्या ठोक्याला ती चिंचेखाली हजर झाली.

तिथं एक म्हैस होती. लवू नव्हता.

सोमवारी नाक्यावर भांडण जुंपलं. “चांगला पाव तास उभा होतो मी!” तो म्हणाला. “वाट बघून बघून निघालो.” “चारला मी तिथंच होते,” ती म्हणाली, “म्हशीला विचारा हवं तर!” दोघांनी रागारागानं पुढचा रविवार ठरवला, आणि पुढच्या रविवारी अगदी हेच झालं. म्हैससुद्धा तीच.

आता खरं सांगायचं, तर खोटं कोणीच बोलत नव्हतं. त्या काळी मुंबईत वेळा दोन होत्या. शहर आणि गिरण्या चालायच्या मुंबईच्या वेळेवर. रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर – ती अर्धा तास पुढे, कारण मद्रासेत सूर्य आधी उगवतो. शहाण्या माणसांना हे पाठ होतं. लवू मात्र होळीनंतर कोकणातून काकाकडे आलेला. कारखाना, स्टेशन आणि रेल्वेची चाळ यापलीकडे त्याला मुंबई ठाऊक नव्हती. शेवंतीला गिरणीपलीकडची वेळ ठाऊक नव्हती. कोणाला विचारावं, तर चोरून भेटणारी माणसं विचारणार कोणाला?

“थापाड्या मेला,” शेवंती स्वतःशी म्हणायची, आणि संध्याकाळ झाली की मान उंच करून नाक्याकडे बघायची.

एवढ्यात घरात बॉम्ब फुटला. शेवंतीचं लग्न झालं तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि वर्षभरात नवरा देवीच्या साथीत गेला. त्याचा चेहरा म्हणाल, तर मुंडावळ्यांपलीकडे तिला काही आठवत नव्हतं. पाट लावायची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न करायची रीत त्यांच्यात होतीच. तर मामानं तिच्यासाठी स्थळ आणलं – तिच्याच खात्यातले राघो मुकादम! दोन बायका पोचवलेले, तपकिरीनं मिशा पिवळ्या, पोटावर चांदीच्या साखळीचं घड्याळ. फाटकात कोणाला जरा उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी कापणारे.

“मामा, विहीर दाखवा एखादी,” शेवंती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मामा वाईट नव्हता. पण दिलेला शब्द म्हणजे त्याचा देव. “रविवारी पाचपर्यंत शब्द दिलाय गो,” तो कळवळून म्हणाला. “पाच वाजले आणि मुकादम आले नाहीत, तर मी मोकळा. पण तो माणूस जन्मात कधी चुकलाय?”

मग शेवंतीनं सगळी लाज गुंडाळून ठेवली. शनिवारी नाक्यावर लवूला गाठलं.

“थापा पुरे झाल्या. मी हवी असेन, तर उद्या पाचच्या आत तुमच्या काकांना घेऊन आमच्या घरी या. नाही आलात तर...”

“येईन गं,” तो म्हणाला. इतक्या हळू, की तिला ते कानांनी नाही, छातीत ऐकू आलं.

रविवारी सकाळी शेवंतीनं मामाला लवूबद्दल सांगून टाकलं, आणि लवू दुपारपासून तयार होता. पण त्याच्या धोंडूकाकाचा फेटा सापडेना. मग फेटा सापडला, तर जोडे सापडेनात. दोघं स्टेशनावरून धावत निघाले, तोच मागे पाचचे टोले पडले. तो शेवंतीच्या दारात आला तो घामाघूम, रडवेला.

“मामा, माफी करा. पाचच्या आत यायचं होतं, पण... वाजले. टोले पडताना ऐकले मी.”

“पाच वाजले?” मामा ताडकन उठला. “नक्की?”

“आईशप्पथ,” लवू मान खाली घालून म्हणाला.

“आणि मुकादम कुठं आहेत?” मामानं दाराबाहेर डोकावलं, जिन्यात बघितलं, आणि त्याच्या तोंडावर जे हसू पसरलं ते शेवंतीनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. “नाहीतच की! सुटलो बाबा!” तो मामीकडे वळला. “तुळसा, सुपारी आण. लवकर आण!”

धोंडूकाकानं धड दम घ्यायच्या आत सुपारी फुटली. शेवंती चुलीआडून बघत होती. हुंदका आणि हसू एकदमच आलं, तेव्हा तिनं पदर तोंडात कोंबला.

गूळपाणी झालं, काकांनी गावच्या गप्पा काढल्या, आणि तेवढ्यात जिना करकरला. राघो मुकादम! हातात नारळ, अंगात कोट, उघडं घड्याळ पुढे धरलेलं.

“बरोब्बर पाच,” मुकादम म्हणाले. मग त्यांना फुटलेली सुपारी दिसली. “गुणाजी! हे काय?”

“पाच मघाशीच वाजले ना!” मामा चाचरला.

“कोणाचे वाजले? गिरणीचे पाच आत्ता वाजताहेत!”

“स्टेशनात कधीच वाजले,” लवू म्हणाला.

“स्टेशनातले पाच मद्रासचे रे! इथं मद्रासी कोण आहे?”

झालं! अख्खी चाळ दारात गोळा झाली. कोणी म्हणे, एवढी आगगाडी ज्या वेळेवर धावते तीच खरी वेळ. कोणी म्हणे, आपल्या डोक्यावरचा सूर्य मद्रासला विचारून मावळतो काय? मामाचा चेहरा पडला. “म्हणजे... माझा शब्द मोडला?” तो पुटपुटला.

शेवंती मात्र वेगळाच हिशेब करत होती. अर्धा तास... म्हणजे चिंचेखाली तो आला होता. दोन्ही वेळा आला होता! उभा राहिला होता, वाट बघत होता, आणि तिनं त्याला थापाड्या म्हटलं होतं. तिला त्याची इतकी माया आली, की पाय आपोआप चुलीआडून बाहेर निघाले.

“उद्या फाटकावर ये, मग बघतो तुझ्याकडे,” मुकादम तिच्यावर कडाडले.

“येईन ना, मुकादम,” शेवंती म्हणाली. आवाज कापत होता, पण मान वर होती. “सहा दिवस मी तुमच्याच घड्याळानं उठते, जेवते, घरी येते. एकदा तरी उशीर झालाय? पण आज रविवार. तो सरकारनं मला दिलाय. रविवारी मी ह्यांच्या घड्याळानं चालणार.”

मुकादमांनी तो ‘ह्यांच्या’ ऐकला, घड्याळ मिटलं, खिशात घातलं आणि नारळ तसाच काखोटीला मारून जिना उतरले. मामानं सुटकेचा एवढा मोठा श्वास टाकला, की धोंडूकाकानं दचकून फेटा सावरला. लवू भिंतीला टेकून उभा होता, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल.

“अगो ए,” मामी कपाळाला हात लावून म्हणाली, “सुपारी फुटून किती वेळ झाला? आणि एवढ्यात ‘ह्यांच्या’?”

शेवंतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण शब्द काही मागे घेतला नाही.