दादाचा इंटरकूलर

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे.

ज्याच्या बाबतीत ती घडली, तो माणूस आजही बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला तयार आहे.

अर्थात, ही गाडी आपण फक्त ऑफिसला जायला घेतली, ही शपथही त्यानं त्याच डोक्यावर हात ठेवून घेतली होती.

तेव्हा विश्वास किती ठेवायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

भयकथेला अंधारी रात्र लागते. ही सुरू झाली रविवारी दुपारी, रणरणत्या उन्हात. रात्री गॅरेज बंद असतं, त्याला इलाज नाही.

या माणसाला घरात ‘धाकटा’ म्हणत. चाळिशी आली, टक्कल पडलं, तरी धाकटाच. कारण थोरला भाऊ शेजारीच राहायचा. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. थोरल्याला सगळे दादा म्हणत.

दोघांकडेही टर्बोच्या गाड्या होत्या, आणि धाकट्याच्या डोक्यात इंटरकूलर शिरला होता.

“म्हणजे नक्की काय असतं ते?” बायकोनं एकदा विचारायची चूक केली.

“टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते. तापली की ताकद कमी. म्हणून मध्ये एक मोठी जाळी असते. तिच्यातून जाताना हवा गार होते.”

“म्हणजे फुंकर घालायची.”

“तसंच काहीसं.”

“आणि आत्ता आहे ती फुंकर पुरत नाही.”

“नाही ना!”

“ऑफिसला जायला?”

इथे चर्चा संपली.

पण निवड संपत नव्हती. एक इंटरकूलर जुन्याच जागी बसणारा, जरा जाड. दुसरा पुढे, बंपरच्या मागे आडवा बसणारा, चांगला फळकुटाएवढा. पहिला लवकर तापतो. दुसरा गार राहतो, पण हवेला लांबून फिरून यावं लागतं, म्हणून गाडी आळशी होते. धाकटा रोज एक ठरवायचा आणि रोज दुसरा.

दादानं मात्र एका दिवसात सगळ्यात मोठा आणला आणि बसवला.

वर धाकट्याला अंगणात गाठलं. दादाची एक सवय होती. बोलायच्या आधी तो दातांतून श्वास आत ओढायचा.

स्स्स…

मग क्षणभर थांबायचा. समोरच्याला घाम फुटेपर्यंत. मग अगदी हळू आवाजात बोलायचा.

“धाकट्या, बायको निवडताना एवढा वेळ लावला असतास, तर ती बिचारी सुटली असती.”

बायको खिडकीतून म्हणाली, “हे मात्र खरं.”

गावाबाहेर पाण्याच्या टाकीखाली एक वळण होतं. दादा ते ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता घ्यायचा. धाकटा दर वेळी उचलायचा. मग दादाचं ठरलेलं वाक्य. स्स्स… “तुला नाही जमणार, धाकट्या.”

एका संध्याकाळी ते दादालाही जमलं नाही.

गाडी कडेनं टाकीच्या भिंतीवर आदळली. दादाच्या बाजूचं दार पार आत आलं होतं. धाकटा ओळख पटवायला गेला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्याचं लक्ष गाडीच्या पुढच्या भागाकडे गेलं.

इंटरकूलरला ओरखडासुद्धा नव्हता.

डोळ्यांतलं पाणी वाढलं. पण आता ते सगळंच काही दादासाठी नव्हतं.

मोडकी गाडी वहिनींच्या घरामागच्या शेडमध्ये आणून ठेवली. महिनाभर धाकट्यानं स्वतःला आवरलं. महिनाभर! माणसानं आणखी किती शोक करायचा?

“मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच,” बायको म्हणाली.

“लोणी नाही. ॲल्युमिनियम आहे.”

रविवारी सकाळी तो वहिनींकडे गेला. मनात वाक्यांची जुळवाजुळव केली होती. दादाची आठवण… त्याचीच इच्छा असती… वगैरे.

“वहिनी, ते गाडीतलं एक…”

“न्या.”

“म्हणजे इंटरकूलर हो. पुढची जाळी…”

“कळलं. आजच न्या, भाऊजी. आत्ता.”

आणि त्यांनी शेडची किल्ली पुढे केली. ती त्यांच्या हातातच होती.

शेडमध्ये त्याला आणखी एक धक्का बसला, सुखद. बंपर आधीच उतरवलेला. पाइप सोडवलेले. आणि इंटरकूलरच्या दोन्ही तोंडांत जुन्या चादरीचे बोळे. घट्ट… हातोडीनं ठोकून बसवावेत तसे.

धाकटा हरखला. पाइप सोडले की तोंडं बंद करायची, नाहीतर आत धूळ जाते, हा गॅरेजचा पहिला धडा. चांगले चांगले मिस्त्री विसरतात. आणि वहिनींनी न सांगता केलं!

“वहिनी, मानलं तुम्हाला!” तो शेडमधून ओरडला.

घराचं दार आतून लागल्याचा आवाज आला.

मिस्त्री त्याच्या ओळखीचा होता. ‘साहेब’ म्हणून हाक मारायचा आणि साहेबाला न विचारता हवं ते करायचा. त्यानं बोळे उपसून काढले. चादर अर्धी बाहेर येईपर्यंत ओढत राहिला.

“कोणी कोंबलंय हो एवढं? कोणाचं तोंड बांधायचं होतं का काय!”

“काहीतरीच बोलू नका. टेस्ट करा.”

जुना इंटरकूलर गळतो का, हे तपासायची साधी रीत असते. दोन्ही तोंडांना रबराची बुचं लावायची. आत हवा भरायची. कंप्रेसर बंद करायचा. आणि मीटरचा काटा बघत बसायचं. काटा उतरला की गळती.

मिस्त्रीनं हवा भरली. कंप्रेसर बंद केला. गॅरेज एकदम शांत झालं.

काटा स्थिर होता.

मग… हळूच खाली आला.

“गळतोय,” मिस्त्री म्हणाला.

मग… काटा वर चढला. होता तिथे गेला.

मिस्त्रीनं मीटरवर टिचकी मारली.

काटा पुन्हा खाली आला.

पुन्हा वर गेला.

झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

“मिस्त्री, हे काय?”

“मीटर बिघडलंय साहेब.”

दुसरं मीटर लावलं. तेही तसंच. खाली… वर…

“गळती असती तर काटा उतरून राहिला असता,” मिस्त्री विचार करून म्हणाला. “हा परत चढतोय. म्हणजे गळती नाही. बसवू?”

तर्क बिनतोड होता. धाकट्यानं मान हलवली. मिस्त्रीनं कटर घेतला आणि जागा करायला बंपरच्या आतली लोखंडी पट्टी साफ कापून टाकली. आता गाडीचा मूळ इंटरकूलर परत बसवायचा झाला, तरी पुढचं तोंड काही पहिल्यासारखं होणार नव्हतं. हे त्यानं कापल्यावर सांगितलं.

गाडी मात्र अशी पळाली, की धाकट्याला तरुणपण आठवलं. दादाचं. स्वतःचं आठवण्यासारखं नव्हतंच.

मोकळ्या रस्त्यावर त्यानं पेडल तळापर्यंत दाबलं. टर्बो गुरगुरला. समोर सिग्नल आला. त्यानं पाय उचलला.

स्स्स…

त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

टर्बोच्या गाडीत पाय उचलला की दाबलेली हवा सुटते, तिचा फुस्स आवाज होतो. हे कोणीही सांगेल. तो आवाज हवा बाहेर पडण्याचा.

हा आवाज हवा आत घेण्याचा होता.

दातांतून.

आणि त्यानंतर…

काहीच नाही.

धाकटा वाट बघत राहिला. सिग्नल हिरवा झाला, मागून भोंगे वाजले, तरी तो हातात स्टिअरिंग धरून वाट बघत होता. आयुष्यभर त्या श्वासामागून वाक्य आलं होतं. आता वाक्यच येत नव्हतं. एकदाचं बोलून टाक ना, बाबा!

पाय उचलला की… स्स्स. मग शांतता.

आठवड्याभरात तो खुलासे द्यायला लागला.

“अरे, समोर ट्रक होता.”

“ती म्हातारी आडवी आली, मी काय करू?”

“कोणाशी बोलताय?” बायकोनं विचारलं. ती बाजारात जायला मागे बसली होती. तिला काहीही ऐकू येत नव्हतं.

त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“मग आता?”

“टाकीखालचं वळण. एकदा पाय न उचलता घेतो. एकदाच! मग त्याला बोलायला जागाच उरणार नाही. कायमचा गप्प.”

“आणि ज्यांना ते जमायचं, ते सध्या कुठे असतात?”

पण त्यानं मनाशी ठरवलं होतं. माणसाला मेलेल्या भावाकडूनही शाबासकी हवी असते, हे त्या वळणाला कोण सांगणार?

मग वहिनींनी शेजारचं घर सोडायचं ठरवलं. टाकीच्या पलीकडे त्यांच्या बहिणीचं घर होतं, तिकडे जाणार होत्या. सामान टेम्पोनं गेलं. वहिनींना सोडायचं काम भाऊजींकडे आलं.

ऊन उतरलं होतं. वहिनी पुढे बसल्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. गावाबाहेर धाकट्यानं वेग घेतला. एक कुत्रं आडवं आलं. त्यानं पाय उचलला.

स्स्स…

वहिनींनी कोपर वर घेऊन तोंडासमोर धरलं. मान खांद्यात. डोळे घट्ट मिटलेले. एका क्षणात. सरावानं.

मग हळूहळू हात खाली घेतला, आणि पर्सवर होता तसा ठेवला.

धाकटा नेहमीसारखा कान टवकारून वाक्याची वाट बघत होता.

“तुम्हालाही येतो तर आवाज,” वहिनी म्हणाल्या.

“येतो. पण… पुढचं ऐकू येत नाही. तुम्हाला येतं?”

“पुढचं ऐकायचं नसायचं, भाऊजी. पुढचं लागायचं.”



“मग ते बोळे… धुळीसाठी नव्हते?”

“धुळीसाठी?” वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. “शेडमधून सारखा यायचा. दिवसा, जेवताना, कधीही. दार लावलं तरी. मग कोंबले. तरी यायचा. बारीक.”

“मग मला का दिलात?”

“मागितलात तुम्ही.”

“मला काय माहीत…”

“भिंत एकच होती आपली.”

“वहिनी, शपथ सांगतो, मला वाटायचं पंख्याचा…”

“हो. पंख्याचाच असेल.”

समोर टाकी दिसायला लागली. त्याखाली वळण. भिंतीवर दादाच्या गाडीचा रंग अजून लागलेला होता.

“भाऊजी,” वहिनी सावकाश म्हणाल्या, “आता पाय उचलू नका.”

“वहिनी, वळण आहे…”

“मला तो आवाज पुन्हा ऐकायचा नाही. उचलू नका.”

“अहो, मरू आपण!”

“तुम्हाला जमवून दाखवायचं होतं ना?”

गाडी धावत होती. भिंत मोठी होत होती. धाकट्याच्या पायाला घाम फुटला होता. वहिनी समोर बघत होत्या, बसची वाट बघावी तशा.

धाकट्यानं पाय उचलला.

उचलणारच होता. तो धाकटा होता.

स्स्स…

मग क्षणभराची शांतता. ओळखीची.

आणि मग… पुढचं आलं.

खिडकीकडच्या गालावर. काच बंद होती. डोकं वहिनींच्या बाजूला फेकलं गेलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, गाडी फरफटत जाऊन वळणापलीकडे मातीत थांबली.

कानात शिट्टी वाजत होती. गालाची आग होत होती. त्यानं आरशात पाहिलं.

पाच बोटं.

त्यानं वळून वहिनींकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात पर्सवरच होते. त्यांचं कोपर या वेळी वर गेलंच नव्हतं.

त्या त्याच्या गालाकडे बघत होत्या. शांतपणे, नीट, दुकानात माल पारखावा तसं.

मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला.

“चला,” त्या म्हणाल्या. “ताई वाट बघत असेल.”

घरी बायकोनं गाल पाहिला.

“वहिनींनी मारलं?”

“नाही.”

“मारायला हवं होतं.”

दुसऱ्याच दिवशी त्यानं इंटरकूलर काढून घेतला आणि वहिनींच्या बहिणीच्या दारात नेऊन ठेवला. दार उघडलं नाही. आत दोघी बहिणींच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यानं तो उचलून भंगारात दिला. भंगारवाल्यानं त्याच्यासमोर मोडून त्याचा गोळा केला.

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला. बायको ताट वाढत होती. गाडी बाहेर, पुढचं तोंड उघडं, बंद उभी होती.

त्याच्या कानाशी…

स्स्स.

हल्ली तो आवाज लिफ्टमध्ये येतो. ऑफिसात येतो. पुढचं दर वेळी येतंच असं नाही, आणि हेच वाईट. दादाचं तसंच होतं, म्हणे. ऑफिसातले लोक त्याचा गाल बघून आदरानं बायकोची चौकशी करतात. आणि घरी ती, शेजारून आवाज यायचे तेव्हाच्याच सवयीनं, म्हणते, “पंख्याचा वारा लागला असेल.”

आवाज आला की धाकट्याचं कोपर आता आपोआप वर जातं. बऱ्यापैकी जमायला लागलंय.

वहिनी मजेत आहेत. वजन जरा वाढलंय.