उंबऱ्याबाहेरची बुगडी

चुडामण हिलाल बोरसे, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार देवपूर, धुळे. नाव असे पूर्ण सांगण्याची त्यांची रीत होती, आणि अर्धवट नावाने त्यांची कथा सांगितलेली त्यांना रुचली नसती. शाळा चौथीतच सुटली होती. पुढचे आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये गेले. तिथे मुकादमापासून मालकापर्यंत सगळे त्यांना ‘ए चुड्या’ म्हणत. पण हाताशी वाचनालयाचे पुस्तक नाही असा त्यांचा दिवस गेला नाही. त्या पुस्तकांतून त्यांनी एक भाषा कमावली आणि इस्त्रीच्या कपड्यासारखी ती जपली. स्वतःचे घर बांधले तेव्हा नियम केला, की या दारात कोणालाही अरे-तुरे होणार नाही. दूधवाल्याला ‘या’, भांडी घासणाऱ्या बाईंना ‘बसा’, आणि मुलगा भूपेंद्र नोकरीला लागला त्या दिवसापासून त्यालाही ‘घ्या’ आणि ‘जेवा’.

पत्नी गेल्यावर ते त्या घरात एकटे राहिले. पावसाळा सरता सरता एकदा न्हाणीत पाय घसरून पडले. शेजारचे गादीवाले नूर महंमद यांच्या कानी हाक जाईपर्यंत ते ओल्या फरशीवर पडून होते. भूपेंद्र नाशिकहून धावत आला आणि म्हणाला, की आता घराला कुलूप लावायचे. चुडामणरावांनी साफ नकार दिला. विटा आपल्या हातांनी भिजवून रचलेले घर सोडून ते कुठेही जाणार नव्हते. शेवटी बापलेकांत तडजोड झाली. घरात सोबत हवी. माणूस ठेवायचा नसेल तर निदान कुत्रे ठेवावे, म्हणजे काही झाले तर ते भुंकून गल्ली गोळा करील. संक्रांतीला भूपेंद्र पाहायला येणार होता. तोवर कुत्रे घरात रुळलेले दिसले नाही, तर त्याच दिवशी बापाचे सामान गाडीत जायचे होते.

म्हणून मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते ओळखीच्या टेम्पोतून बोदवडला गेले. तिथे दिपमाला नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे एक शहाणी कुत्री आहे, असे कोणीतरी सांगितले होते.

कुत्री घरात नव्हती. मागच्या पडवीत, थंड पडलेल्या चुलीशेजारी, ती गोणपाटावर अंग चोरून बसली होती. तांबूस रंग, पडलेले कान, आणि कोणी हात वर केला की मिटणारे डोळे. नाव बुगडी. चुडामणरावांनी वाकून दोनतीनदा ‘या, या’ म्हटले. ती जागची हलली नाही. फक्त मान वळवून शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहू लागली.

तिला कोणी मारले आहे का, असे त्यांनी विचारले.

“मारलं नही, नाना,” दिपमाला म्हणाली. “आत्याच्या संगतीनं ती अशी झाली. आत्या कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आली नही, तर ही बी आली नही.”

मग तिने हळूहळू सगळे सांगितले. तिची आत्या प्रमिलाबाई ऐन तारुण्यात विधवा होऊन भावाकडे आली. भावजयीने पहिल्याच दिवशी तिला ही पडवी दाखवली आणि भाऊ खाली मान घालून बसला. प्रमिलाबाई मानी होती. बोलावल्याशिवाय आत जायचे नाही, असे तिने ठरवले. आणि तिला आत बोलावण्याचे कोणाला सुचले नाही. स्वयंपाक पडवीत, निजणे पडवीत, सकाळ-संध्याकाळ तव्यावर मिसरी भाजून दात घासणे पडवीत. भाऊ-भावजय गेले, घर दिपमालाकडे आले. आज म्हणू, उद्या म्हणू, असे करता करता दिवाळी उलटली आणि एके सकाळी आत्या उठली नाही. तेव्हापासून बुगडी पडवी सोडून हलत नव्हती.

टेम्पोत बसवताना दिपमालाने कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “एक सांगते, नाना. तिले ‘ये’ म्हना. तुम्ही मघापासून ‘या, या’ करू राह्यले ना… तिले वाटते, तुम्ही बाजूच्याले बोलता.”

“बाजूला तर कोणीच नाही,” चुडामणराव म्हणाले.

दिपमालाने शिवणयंत्राच्या तेलाचे हात पदराला पुसले आणि ती टेम्पोपासून मागे सरली.

देवपुरात आल्यावर बुगडी ओट्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. दाराला झुंबरबाईंनी, म्हणजे चुडामणरावांच्या पत्नीने, शिवलेला जाड छिटाचा पडदा होता. त्या पडद्याकडे ती पाहत राही, पण उंबऱ्याला पाय लावत नसे. चुडामणरावांनी घाई केली नाही. भित्र्या जनावराला डोळ्याला डोळा लावलेला सोसत नाही, हे त्यांनी वाचले होते. म्हणून ते तिच्याकडे पाठ करून ओट्यावर बसत आणि पुस्तक मोठ्याने वाचत, की निदान आवाजाची सवय व्हावी. खानावळीच्या डब्यातली बाजरीची भाकरी दुधात कुस्करून ताटली रोज उंबऱ्याकडे थोडी थोडी सरकवत. पाऊल वाजवायचे नाही, काठी हातात धरायची नाही, छत्रीसुद्धा तिच्यासमोर उघडायची नाही.

नूर महंमद आपल्या दुकानातून हा सोहळा पाहत. पिंजलेल्या कापसाने त्यांची दाढी पांढरी होती की वयाने, हे सांगणे कठीण. एकदा ते फाटकाशी आले आणि म्हणाले, “चुडामणभाऊ, कुत्री आहे ती, तहसीलदार नाही. ‘या, जेवून घ्या’ काय लावलंय? एकदा नुसतं ‘ये’ म्हणून बघा. जीभ झडते का?”

“जीभ झडत नाही,” चुडामणराव म्हणाले. “पण माझ्या दारात तो शब्द चालत नाही.”

“मग तिला घरात घ्यायला संक्रांत सोडा, ईद उजाडेल.”

दोघेही हसले. बुगडीची शेपूट त्या हसण्याने पहिल्यांदा किंचित हलली. चुडामणरावांना फार समाधान वाटले.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकत होती. बुगडी ताटलीतले निम्मेच खाई. उरलेले ती नाकाने हलकेच बाजूला सारी आणि मागे सरून बसे, अगदी पंगतीत दुसऱ्याचे जेवण व्हायची वाट पाहावी तशी. सकाळी ताटली रिकामी असे. ‘मांजर असेल,’ ते स्वतःशी म्हणाले. निजतानाही ती ओट्याच्या मधोमध कधी पसरत नसे. भिंतीकडची जागा मोकळी ठेवून कडेला अंग मुडपून झोपे. आणि थंडी इतकी, की पांझरा नदीकडून येणारे वारे हाडांत शिरावे.

भोगीचा दिवस उजाडला. भूपेंद्रचा फोन आला, की तो दुसऱ्या दिवशी निघतो आहे आणि आबांनी पिशव्या भरून ठेवल्या तरी हरकत नाही. चुडामणराव दिवसभर अस्वस्थ होते. भिंतींवरून हात फिरवत ते दोन्ही खोल्यांतून उगाच चकरा मारत राहिले. बुगडी ओट्यावरच होती.

दिवेलागणीला त्यांनी देवापाशी दिवा लावला आणि ते दाराशी आले. रस्त्यावर सामसूम होती. कुठेतरी कापसाची वाळलेली पऱ्हाटी पेटवलेली असावी. तिचा कडवट धूर अंगणात खाली उतरला होता. बुगडी उंबऱ्याच्या बाहेर उभी होती, कान मागे पाडून. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर स्वतःच्या शेजारी, जरा वर, बुटक्या माणसाचा चेहरा असावा इतक्या उंचीवर होती.

आता काय करावे ते चुडामणरावांना कळेना. मग त्यांनी पडदा बाजूला सारला, स्वतः एक पाऊल मागे घेतले आणि आयुष्यात प्रत्येक पाहुण्याशी बोलले त्याच अदबीने ते बोलले :

“या. संकोच करू नका… घर आपलेच समजा.”

बुगडी आत आली नाही. ती बाजूला झाली. भिंतीला अंग चिकटवून तिने वाट मोकळी करून दिली. चुडामणरावांच्या हातातला पडदा कोणाच्या तरी खांद्याला घासावा तसा हलला आणि परत त्यांच्या बोटांवर येऊन टेकला. वारा नव्हता. त्यानंतर बुगडीने, जणू रोजचीच सवय असावी तसे, उंबरा ओलांडला.

त्यांना प्रथम आनंदच झाला. ती न बुजता सरळ स्वयंपाकघरात गेली. शेपूट अशी हलत होती, की मागचे सारे अंग डोलत होते. गॅसच्या ओट्याखाली, भिंतीपासून एका माणसाच्या बैठकीएवढी जागा सोडून, ती पसरली आणि तिने हनुवटी फरशीवर टेकली. त्यांनी ताटली आत आणून ठेवली. तिने ती पहिल्यांदाच पूर्ण चाटून साफ केली.

ताटली उचलायला वाकले तेव्हा त्यांना तो वास आला. तव्यावर तंबाखू करपेपर्यंत भाजल्याचा, घशाला खवखव आणणारा वास. त्या घरात मिसरी कधीच कोणी भाजली नव्हती. झुंबरबाईंना तर तिचा तिटकारा होता. गॅस बंद होता. तवा खुंटीला टांगलेला होता.

ते मागे सरत दारापर्यंत आले. बोदवडच्या पडवीतली ती थंड चूल त्यांना आठवली, आणि ‘तिले वाटते, तुम्ही बाजूच्याले बोलता’ हे शब्द. मोठ्या कष्टाने, त्या दारात कधी न उच्चारलेला शब्द त्यांनी उच्चारला.

“बुगडी… ये. बाहेर ये…”

बुगडी लगेच उठली. दोन पावले चालली. मग मध्येच थांबून तिने मागे वळून पाहिले, कान टवकारले, कोणीतरी हळूच काही सांगावे तसे ऐकून घेतले, आणि परत जाऊन होती त्या जागी बसली.

चुडामणरावांनी ती रात्र शाल गुंडाळून ओट्यावर काढली.

पहाटे दुकान उघडायला आलेल्या नूर महंमद यांना त्यांनी सगळे सांगितले. ते हसले नाहीत. कापूस बोटांनी सोडवत ते म्हणाले, की बोलावले तुम्ही आहे, तर जा असेही तुम्हीच म्हणायला हवे; दुसऱ्या कोणाचे ती आत्या ऐकणार नाही.

“ज्या बाईला जन्मभर कोणी ‘आत या’ म्हटले नाही, तिला मी ‘जा’ कसे म्हणू?” चुडामणरावांनी विचारले.

नूर महंमद यांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. इतके सांगून चुडामणरावांचे मन थोडे हलके झाले. त्यांनी विचार केला, एक म्हातारी बाई आहे. कोणाला त्रास देत नाही. कोपऱ्यात बसते. घर आपले आपल्यापाशी राहते. तेवढी सोबत सोसायला काय हरकत आहे? दुपारी ते आत जाऊन जेवलेही. स्वयंपाकघराकडे पाठ करून जेवले, पण जेवले.

भूपेंद्र आला. आबांची शाल ओट्यावर पसरलेली पाहून त्याने कपाळाला आठी घातली, पण आतून बुगडी शेपूट हलवत आली, तिने त्याचे बूट हुंगले, आणि त्याचा चेहरा निवळला. तिळगूळ दिला-घेतला. आत मिसरीसारखा वास कसला येतो, असे त्याने एकदा विचारले. शेजारून येत असेल, असे चुडामणराव म्हणाले. ऊन कलताना तो उठला. बुगडी छान रुळली आहे, आबांनी आता इथेच निवांत राहावे, तो पुन्हा कुलपाचा विषय काढणार नाही, असे त्याने कबूल केले. चुडामणरावांचे डोळे भरून आले. घर वाचले होते.

भूपेंद्र फाटकाबाहेर जाऊन गाडीत बसला. काच खाली करून म्हणाला, “येतो, आबा.”

चुडामणराव उघड्या दारात, पडदा हाताने सावरून उभे होते. निघालेल्या माणसाला जे म्हणतात, जे त्यांनी आजवर हजारदा म्हटले होते, तेच त्यांच्या तोंडून गेले.

“बरं. या.”

शब्द तोंडातून निसटल्यावर त्यांना कळले. संध्याकाळची वेळ होती. रस्ता दूरवर रिकामा होता, आणि ते उंबऱ्यात उभे राहून, बाहेर तोंड करून, नाव न घेता ‘या’ म्हणाले होते.

त्यांच्या पायाशी बुगडी उठून उभी राहिली. रस्त्याकडे पाहता पाहता तिची शेपूट हळूहळू पोटाखाली गेली. मग ती बाजूला झाली, भिंतीला चिकटली आणि तिने वाट मोकळी करून दिली. पडदा हलला. थांबला. पुन्हा हलला… परत हलला… बुगडी भिंतीला तशीच चिकटून होती. वाट अडवण्याचे धाडस तिला होत नव्हते. या वेळी वास मिसरीचा नव्हता. ओल्या मातीचा, फार दिवस बंद असलेल्या आडाचा होता.

“आबा,” भूपेंद्रने गाडीतूनच विचारले, “आत पाहुणे आलेत का?”

चुडामणरावांनी पडदा सोडून दिला. “गाडी थांबवा,” ते म्हणाले. “मीही येतो.”

अनवाणीच ते पायऱ्या उतरले. फाटकाशी वळून त्यांनी हाक मारली, “बुगडी, ये.” ती आली नाही. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा आत पाहिले, आणि स्वयंपाकघरातून कोणीतरी बोलावल्यासारखी, खाली मान घालून, पडद्याखालून आत गेली.

चुडामण हिलाल बोरसे आता नाशिकला मुलाकडे राहतात. वाचन चालू आहे. कोणी जायला निघाले तर ते उठून उभे राहतात, हात जोडतात आणि काही बोलत नाहीत. देवपूरच्या घराला नूर महंमद यांनी दुसऱ्या दिवशी कुलूप लावले. तेव्हा बुगडी आत कुठेच सापडली नाही, पण संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत आतल्या बाजूने तिचे तोंड दिसले. कुलूप काढायला ते धजले नाहीत. ते रोज त्या खिडकीच्या गजांतून भाकरी आत टाकतात आणि ती भाकरी तशीच पडून वाळते. फोनवर ते सांगतात, की कुत्री अंगाने चांगली भरली आहे.