बुटकीचं वजन

दिवा जरा इकडे सरकव. विझवू नकोस मात्र, एवढी काही मी धीट नाही. तुझे बाबा ही गोष्ट तुला कधीच सांगणार नाहीत. विचारलंस तर विषय बदलतील, आणि तरी विचारत राहिलीस तर चहा टाकायला उठतील. म्हणून मावशीने सांगायची.

त्या दिवशीचं काम अगदी साधं होतं. एक गाडी विमानात चढवायची आणि डोंगरातल्या धावपट्टीवर नेऊन उतरवायची. विमानात माल चढवणं, बांधणं, उतरवणं हीच माझी नोकरी. आमचं विमान छोटं, पोट फुगलेलं, मागून झाकणासारखं उघडणारं. पाऊस अतोनात झाला होता. डोंगराच्या अंगावरचं एक गाव रस्ता आणि पूल वाहून गेल्यामुळे एकटं पडलं होतं. पायथ्याशी गवताची धावपट्टी तेवढी शाबूत होती. तिथून वर चिखलाची वाट. त्या वाटेवर चढेल आणि आमच्या विमानात मावेल, अशी एकच गाडी जवळपास होती. ती सैन्याची, आणि तिच्याबरोबर जो मेकॅनिक आला तो माझा सख्खा मेहुणा. म्हणजे तुझे बाबा.

"मेहुणीबाई, आज तुम्ही आम्हाला बांधून नेणार म्हणे," भावोजी उतरता उतरता म्हणाले.

"गाडीला बांधते. तुम्ही गप्प बसलात तर तुम्हाला मोकळं सोडेन."

त्या गाडीला सगळे बुटकी म्हणायचे. विमानाच्या पोटात मावावी एवढ्याचसाठी ती जन्माला आली होती. समोरची काच बॉनेटवर आडवी होते, सीटच्या पाठी दुमडतात, छप्पर नाहीच, दारं नाहीत. लोखंड शक्य तिथे वाचवलेलं, त्यामुळे चार दणकट माणसांनी मनावर घेतलं तर उचलून बाजूला ठेवावी अशी. मला पाहताक्षणी आवडली. ताईच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, स्वयंपाकघरातल्या स्टुलासारखी होती, ठेंगणी आणि सगळ्यांच्या उपयोगाची.

चढवण्याआधी वजन करावं लागतं. विमान म्हणजे तराजूच असतो. कुठली वस्तू किती जड आणि ती कुठे ठेवली, यावर सगळा खेळ. बुटकी काट्यावर उभी केली आणि मी आकडा पाहिला. असायला हवं त्यापेक्षा जास्त. फार नाही. एका माणसाएवढं.

"भावोजी, उतरा की."

"मी इकडे उभा आहे," ते माझ्या मागून म्हणाले.

आम्ही जादा चाक काढलं. जॅक काढला, सीटखालची हत्यारांची पेटी काढली. काढलेल्या सामानाएवढं वजन कमी झालं, पण तो एक माणूस काही कमी होईना. वैमानिक आले. उंच, हडकुळे, आम्ही त्यांना मागे 'शिडी' म्हणायचो. त्यांनी काट्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिला डाएटवर ठेवा. मी हवामान बघून येतो, तोवर बारीक झाली पाहिजे."

ते गेले. मी काट्याच्या पलीकडे वाकून स्क्रू बघत होते. भावोजींना वाटलं मीही गेले. ते ड्रायव्हरच्या बाजूला गेले, रिकाम्या सीटजवळ जरा झुकले आणि हळूच म्हणाले, "थोडा वेळ उतरता का... मोजून झालं की बसा परत."

सीटची स्प्रिंग कुईं करून वर आली. काटा डुलला आणि बरोबर जागेवर येऊन थांबला.

मी उभी राहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भावोजींचे कान लाल झाले होते, लग्नात ताईने उखाणा घ्यायला लावल्यावर झाले होते तसे.

"काटा अडकत असेल," ते म्हणाले.

"कोण आहे?"

"माहीत नाही. माझ्याआधीच्या मेकॅनिकलाही माहीत नव्हतं. त्रास काही देत नाही. उतारावर कधीकधी माझ्या आधी ब्रेक दाबला जातो, एवढंच. तुमच्या ताईला सांगू नका. ती मला घरी बसवेल."

वर गावात माणसं अडकली होती, आधीच्या विमानाने गेलेल्या डॉक्टरीणबाई पायथ्याशी वाट पाहत होत्या, दुसरी गाडी नव्हती. मी काय करणार होते? आकडा बरोबर आला होता. मी गाडी चढवली.

विमानाच्या पोटात खिडक्या नसल्यासारख्याच. दोन बारीक दिवे, तेलाचा आणि ओल्या ताडपत्रीचा वास, आणि इंजिनांचा आवाज इतका की दातसुद्धा हलतात. बुटकीची भिंतीपासून बोटभर जागा उरली होती. चारी बाजूंनी साखळ्या, जमिनीतल्या कड्यांत अडकवलेल्या. भावोजींनी बॅटरीची तार स्वतः काढून ठेवली, तसा नियमच आहे. मग ते पुढच्या बाकावर पट्टा बांधून बसले आणि डोळे मिटून घेतले. त्यांना विमानाची भीती वाटते, हेही तुला सांगणार नाहीत.

डोंगर जवळ आले तसं विमान उड्या मारायला लागलं. मी मागच्या साखळ्या तपासायला गाडीवरून चढून तिच्या मागे गेले होते. माझ्या पाठीशी फक्त शेपटीचं दार. तेवढ्यात विमान खाली पडल्यासारखं बसलं, नाक वर झालं, आणि पुढच्या कड्यांतलं एक कडं जमिनीतून उखडून आलं. तो आवाज मला इंजिनांच्या गोंगाटातही ऐकू आला. दुसरी साखळी सैल पडली. बुटकी मागे यायला लागली. माझ्याकडे.

अशा वेळी मी चिरडले जाणं ही लहान गोष्ट असते. गाडी शेपटीत गेली की नाक आणखी वर जातं आणि मग विमान उडत नाही, दगडासारखं खाली येतं. भावोजी पट्टा सोडायला धडपडत होते, बक्कल सुटत नव्हतं.

मग माझे हात लाल दिसायला लागले. आधी वाटलं रक्त आहे. तो उजेड होता. बुटकीचे मागचे दोन्ही ब्रेकचे दिवे लागले होते. टायर जमिनीवर किंचाळले, गाडी माझ्या गुडघ्यांना टेकली आणि थांबली. ड्रायव्हरची सीट खोल दबलेली होती, आणि ब्रेकचं पेडल... पेडल तळापर्यंत गेलेलं होतं.

मी गाडीवरून चढून पुढे गेले, सुटलेली साखळी दुसऱ्या कड्यात घातली, आवळली, पुन्हा आवळली. भावोजी येऊन पोचले, आम्ही दोघांनी मिळून उरलेल्याही बांधल्या. शेवटची पक्की झाली तसे दिवे विझले. भावोजींनी काच जरा उचलून बॉनेट उचकटून पाहिलं. बॅटरीची तार काढलेलीच होती.

"आभार मानायचे का?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"मी रोज मानतो," ते म्हणाले.

खाली उतरलो तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. डॉक्टरीणबाई गुडघ्यापर्यंत चिखलात, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा हसरा. शेपटीचं दार खाली टेकून रॅम्प झाला, त्यावरून बुटकी ढकलत उतरवली, काच उभी केली, तार जोडली आणि ती चिखलात घुसली. त्या दिवशी तिने किती खेपा केल्या कोण जाणे. म्हाताऱ्यांना आणलं, पाय मोडलेल्या शाळामास्तरांना आणलं. ते संपूर्ण वाटभर भावोजींना गाडी कशी चालवायची ते शिकवत होते. एका बाईला वेणा सुरू झाल्या होत्या. ती अर्ध्या वाटेतच बाळंत झाली, बुटकीच्या मागच्या सीटवर. मुलगी. गाडी खाली आली तेव्हा अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं आणि भावोजी पांढरेफटक पडले होते.

"डॉक्टरीणबाईंनी मला चादर धरायला लावली," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "दोन्ही हातांनी. मागे तोंड करून."

"मग गाडी थांबवलीत ना?"

"थांबत नव्हती. वळणं कोणी घेतली ते विचारू नका."

इतकी हसले मी की पोट दुखायला लागलं. मग तेही हसायला लागले. सरपंचांनी घराघराची माणसं मोजली. सगळे सापडले. मागच्या पुरात वाहून गेलेले, पोरंसुद्धा, कधी सापडलेच नाहीत, असं ते म्हणाले, पण या वेळी एकही माणूस कमी नव्हता. असा दिवस नोकरीत पुन्हा आला नाही.

गाडी आणि भावोजी तिथेच राहणार होते. आम्ही औषधांची दुसरी खेप आणायला निघालो, विमान अगदी रिकामं. पुढे शिडीसाहेब, मागे मी एकटी. भिंतीला टेकून बाकावर बसले, पट्टा बांधला. आता हवा शांत होती, डोळा लागत होता.

हेडफोनमधून साहेबांचा आवाज आला. "मागे फिरू नकोस गं. शेपूट दबतंय."

"मी बसलेय सर."

"मग मघाशी उठली होतीस का?"

"नाही सर. निघाल्यापासून पट्टा बांधलेला आहे."

मी रिकाम्या जमिनीकडे पाहत होते. समोरची बाकं, मोकळे लोंबणारे पट्टे. ओल्या मातीचा वास येत होता, पण तो आमच्या बुटांचाही असेल.

"खरं सांग," साहेब म्हणाले, आणि त्यांचा नेहमीचा चेष्टेचा सूर नव्हता. "एका माणसाने एवढं दबत नाही. मी रागावणार नाही. गावातले किती जण घेतलेस मागे?"

मी पट्टा आणखी आवळला. गावातले सगळे तर खाली टाळ्या वाजवत उभे होते.

उतरलो. इंजिनं बंद झाली. साहेब पुढच्या दाराने उतरून हँगरकडे चालत गेले, मागे न बघता. मी रॅम्प उघडला आणि बाजूला उभी राहिले. संध्याकाळचं पिवळं ऊन आत सरकलं. आत कोणी नव्हतं.

विमानाचं शेपूट जरासं वर झालं. माणूस उतरला की होतं, तेवढंच. मग पुन्हा जरासं. मग पुन्हा. घाई नव्हती, ढकलाढकल नव्हती. प्रत्येक वेळी रॅम्पचा पत्रा हलकेच वाजायचा आणि माझ्या बाजूने गार वारा जायचा. मी अंग चोरून उभी होते. एकदा तर तोंडातून "सावकाश" असं निघूनही गेलं. सवय, दुसरं काय.

मग बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, झालं. तेवढ्यात पत्रा अगदी इवलासा वाजला, आणि तिथेच थांबला. रॅम्पच्या टोकाला जमिनीपर्यंत एक उंच पायरी पडते. लहान मुलं तिथे नेहमी अडतात. मी त्यांना नेहमी हात देते.

मी हात पुढे केला.

तो धरला गेला. चार छोटी, ओली बोटं, माझ्या एका बोटाभोवती. शेपूट वर झालं. उतरून झालं होतं, तरी बोट काही सोडलं नाही... बराच वेळ.